बोलिनचं वर्ष, व्हिटेकरचं वर्ष

हार्लन प्रूइट आणि कॅझ नोवाक एकमेकांचे मेहुणे. ॲक्रनच्या टायर कारखान्यात दोघं एकाच पाळीला होते, पण तेव्हा नुसती तोंडओळख होती. कॅझची बहीण जेनी हार्लनच्या घरात आली आणि भांडणाला सुरुवात झाली, तीही लग्नाच्याच दिवशी. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये पिरोगींच्या, म्हणजे पोलिश उकडीच्या करंज्यांच्या, थाळ्या फिरत होत्या. बिअर चढल्यावर कॅझनं जाहीर केलं, की टायरी बोलिननं पंचाहत्तर साली जो सीझन काढला तसा फुटबॉलमध्ये कोणी काढलेला नाही आणि काढणारही नाही. नव्या जावयानं गप्प बसावं की नाही? पण हार्लन म्हणाला, "आणि डग व्हिटेकरचा गेल्या वर्षीचा?" झालं. केक कापायला नवरदेवाला दंडाला धरून आणावं लागलं.

अमेरिकेतला हा फुटबॉल मुख्यतः हातानं खेळायचा. बोलिन पळणारा. चेंडू पोटाशी धरून समोरच्या धटिंगणांच्या घोळक्यात घुसायचा आणि पलीकडून बाहेर पडायचा. व्हिटेकर क्वार्टरबॅक, मागे उभा राहून चेंडू अर्ध्या मैदानापार फेकायचा. एकाची मोजदाद पळून कापलेल्या यार्डांत, दुसऱ्याची टचडाऊनमध्ये, म्हणजे शेवटच्या रेषेपार पोचवलेल्या चेंडूंत. गवंडी मोठा की स्वयंपाकी, असं विचारण्यातला प्रकार. त्याचा निकाल कधी लागणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, आणि त्या दोघांना ते कळत नव्हतं असं समजायचं कारण नाही.

"तुझ्या व्हिटेकरला दोन सामने जास्त मिळाले," कॅझ म्हणायचा. "माझ्या बोलिनच्या वेळी सीझनच छोटा होता. आणि तो बर्फात पळाला, बर्फात! तुझा राजकुमार छताखाली खेळायचा, केस न विसकटता."

"तुझ्या बोलिनसमोर होतं कोण? निम्मे संघ रडके. आणि पुढे रस्ता साफ करणारे पाच जण काय पगारी सुट्टीवर होते?"

"शेवटचा सामना कोण हरलं रे? सांग ना, कोण हरलं?"

इथे हार्लनच्या शेपटीवर पाय पडायचा, कारण व्हिटेकर हरला होता. जेनी बशा आपटत म्हणायची, "त्या दोघांपैकी एक तरी आपल्याला ओळखतो का?" ईस्टर असो, बारसं असो, हे चालायचंच. पुढे कॅझ मुलीकडे ॲरिझोनात राहायला गेला, तेव्हापासून भांडण फोनवर आलं. रविवारी चर्च आटोपलं की सामने सुरू होण्याआधी फोन वाजायचा. करायचा तो कॅझनंच. हार्लन कधी करत नसे.

जेनी गेली तेव्हा हार्लनला वाटलं, आता कॅझही तुटला. मूलबाळ नव्हतं. बहीणच नाही म्हटल्यावर कसला मेहुणा? दफन झाल्यावर पहिल्या रविवारी तो स्वयंपाकघरात बसून होता. आठवडाभर त्याच्या तोंडून धड वाक्य निघालं नव्हतं. फोन वाजला. कॅझनं ना बहिणीचं नाव काढलं, ना 'कसा आहेस' विचारलं. तो म्हणाला, "पुढे तसे पाच पहिलवान उभे केले असते, तर माझ्या मावशीनंसुद्धा व्हिटेकरएवढे टचडाऊन फेकले असते." हार्लन जो तडकला, तो तासभर ओरडत होता. फोन ठेवला तेव्हा त्याला कित्येक दिवसांनी भूक लागली होती.

त्यानंतर त्याच्या आयुष्यात रविवार तेवढा उरला. बाकीचे दिवस म्हणजे डब्यातलं सूप, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं भुंकणं आणि जेनीची रिकामी खुर्ची. त्याला एकटेपणा खायला उठायचा, पण हे सांगायचं कोणाला?

यंदाच्या ऑक्टोबरात कॅझच्या मुलीचा, रोझॅनचा, फोन आला. "अंकल हार्लन, बाबांचा कॅन्सर फुप्फुसांत पसरलाय. डॉक्टर म्हणतात, ख्रिसमस दिसला तर नशीब. मी सांगितलं असं कळू देऊ नका हं, फाडून खातील मला."

हार्लननं आठवडाभर डोकं खाजवलं. गुडघे असे, की विमानात बसायचं म्हणजे शिक्षाच. पत्र लिहावं तर कॅझ वाचून हसेल. या माणसाला द्यायचं तरी काय? मग त्याला सुचलं. तीस वर्षं कॅझ ज्यासाठी घसा फोडत होता, तेच देऊन टाकायचं.

रविवारी फोन आला. कॅझला धाप लागत होती, पण जोर तोच. "हं, काय म्हणतोय तुझा राजकुमार?"

"कॅझ, मी विचार केला," हार्लन म्हणाला. "तुझंच बरोबर आहे. बोलिनचा सीझन मोठा. मी हरलो."

आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. पंचाहत्तर साली अठरा वर्षांचा हार्लन तोंडावर बर्फाचे सपकारे झेलत स्टेडियममध्ये बसला होता. अंगावर चार-चार जण लटकत असताना बोलिनला पळताना बघून तो ढसाढसा रडला होता. हे त्यानं फक्त जेनीला सांगितलं होतं. लग्नाच्या दिवशी व्हिटेकरचं नाव त्यानं घेतलं ते निव्वळ नवरीच्या भावाची जिरवायला.



"बरं," कॅझ म्हणाला.

"खरंच सांगतो."

"बरं, बरं. थंडी पडली का तिकडे?"

"पडायला लागली."

"इथे ऊनच आहे." मग थोडं खोकून, "चल, ठेवतो."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हार्लन कोट चढवून कोपऱ्यावरच्या बारमध्ये गेला आणि शेजारच्या स्टुलावरच्या माणसाला त्यानं विचारलं, "बोलिन की व्हिटेकर?" तो भला माणूस म्हणाला, "कोण?" हार्लन बिअर अर्धी टाकून घरी आला.

आपण काय करून बसलो हे त्याला रस्त्यात उमगलं. आयुष्यभर ज्याच्याशी शब्दाला शब्द भिडवला, त्याच्यासमोर आपण एकाएकी हातातलं शस्त्र टाकून दिलं. कॅझ आजारी असेल, बावळट नव्हता. हार्लनला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी येऊन त्यानं पहिल्यांदाच स्वतःहून फोन लावला. रोझॅननं उचलला.

"ते कोणाशीच बोलत नाहीत, अंकल. भिंतीकडे तोंड करून पडतात. तुमचं नाव काढलं तर म्हणाले, हार्लननं मला आधीच पुरलंय."

हार्लन म्हणाला, "त्याच्या कानाला लाव फोन. मी सांगतो म्हणून लाव."

खुडबुड झाली, मग घरघरता श्वास ऐकू आला.

"नोवाक! ऐकतोयस ना? मी खोटं बोललो. तुझा बोलिन म्हणजे एका हिवाळ्याचा पाहुणा. पुढच्या वर्षी कुठे होता तो? दवाखान्यात! व्हिटेकरच मोठा."

 मग कॅझ हळूच म्हणाला, "तेव्हा खोटं बोललास, की आता?"

"तेव्हा."

"शप्पथ घे."

"घेतो."

"अशी नाही. जेनीची घे."

 खरं काय ते माहीत असलेलं एकच माणूस जगात होतं, आणि शपथ तिचीच घ्यायची होती. त्यानं डोळे मिटले. "जेनीची शपथ. व्हिटेकरच मोठा."

"गाढवा," कॅझ म्हणाला. आवाजात दम नव्हता, पण चीड अस्सल होती. "तीस वर्षं शिकवलं, डोक्यात काडीचा उजेड पडला नाही. रोझॅन, उशी दे पाठीला. आज धाप लागलीय, नाहीतर आत्ताच जिरवली असती तुझी. रविवारी बघतो तुला."

"बघ. मी कुठे पळून चाललोय?"

फोन ठेवल्यावर हार्लन खुर्चीत बसून खूप वेळ रडला आणि मग त्यानं अंडी तळून खाल्ली.

रविवारी चर्चहून आल्याबरोबर फोन वाजला. हार्लननं उचलला आणि तोंड उघडलं, तर पलीकडून रोझॅन. कॅझ पहाटे गेला होता.

"पण हा आठवडा चांगला गेला त्यांचा," ती नाक पुसत म्हणाली. "उठून बसायचे, सूप मागायचे. तुमच्यावर असे चिडलेले होते! काल संध्याकाळी तर एकटेच हसत होते. म्हणाले, सापडला, असा मुद्दा सापडलाय की हार्लनची बोलती बंद."

"कुठला मुद्दा?"

"मी विचारलं ना. मला सांगेनात. म्हणाले, तो हार्लनसाठी ठेवलाय."

दफनाचा दिवस, चर्चचं नाव वगैरे तिनं सांगितलं. हार्लन हं हं म्हणत राहिला.

मग तो टेबलाशी बसून विचार करू लागला. काय सापडलं असेल याला? बोलिनचा दुखावलेला खांदा? वारा? प्रत्येक वेळी चेंडू त्याच्याकडेच जाणार हे समोरच्यांना ठाऊक असायचं, ते? बोलिनच्या बाजूचं एकेक त्याला भराभर सुचत गेलं, इतकं, की कॅझलाही सुचलं नसतं. सामने सुरू व्हायची वेळ झाली, होऊन गेली. हार्लन मोठ्यानं एकेक मुद्दा मांडत होता आणि प्रत्येकानंतर थोडं थांबत होता.