शेपटीवालं आणि दारवालं

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेचा कोपरा तडकलाय आणि त्यावर बुरुलचा-आपानं चिकटपट्टी लावलीय, यावरून काय ते वय ओळखा. किर्गिझ मुलखातल्या कोचकोर गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका घरात, खिडकीच्या फळीवर मी राहतो. शेजारी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी असते. कोण तिला हात लावतं आणि कोण मला, हे आम्हा दोघांना पाठ झालंय.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारखीच असंख्य भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती, त्यामुळे आईबाप कोण ते काही मला सांगता यायचं नाही. पण ज्या दिवशी आयझिरेकनं मला मॉस्कोच्या दुकानातून उचललं, तो माझा खरा वाढदिवस. आयझिरेक ही बुरुलचा-आपा आणि ताबिल्दी-आता यांची एकुलती एक लेक. आमच्याकडे आईला ‘आपा’ आणि बाबांना ‘आता’ म्हणतात. ती तिकडे एका कारखान्यात कोट शिवते. आमच्या दरीत फोनवरचा आवाज तुटून तुटून येतो, फोटो वाटेतच अडकतात, अक्षरं मात्र धडपणे पोचतात. म्हणून आईनं आपल्याला लिहावं या हौसेनं तिनं मला गावी पाठवलं.

पण माझ्या पोटात अक्षरं होती ती रशियन. किर्गिझ भाषेची तीन खास अक्षरं माझ्यात नव्हतीच. तुम्ही म्हणाल, तीन अक्षरांनी काय होतंय? ऐका तर. आमच्याकडे गाय आणि घर हे दोन्ही शब्द तुमच्या अक्षरांत लिहायचे तर ‘उय’ असेच लिहावे लागतील. फरक फक्त जिभेचा. आमच्या लिपीत मात्र गाईच्या ‘उ’ची शेपटी वाकडी असते आणि घराच्या ‘उ’चा दांडा सरळ, खांबासारखा. तो खांबवाला ‘उ’ माझ्याकडे नव्हता. आपानं पहिलाच निरोप लिहिला, ‘उय गरम आहे, तुझी वाट बघतोय.’ आयझिरेकनं उलट विचारलं, ‘आपा, घर गरम आहे की गाईला ताप आलाय?’

ताबिल्दी-आता इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. आपा मात्र चिडली. “लेकीला घर लिहायला जावं आणि गाय जावी, हे काय लिहिणं झालं?” असं म्हणत तिनं मला शालीत गुंडाळलं आणि कोचकोरच्या बाजारात मेलिसकडे नेलं.

मेलिस टॅब-फोन दुरुस्त करायचा. जाडजूड, बोलघेवडा माणूस. त्यानं मला रूट केलं. म्हणजे कारखान्यानं माझ्या आतल्या खोलीला घातलेलं कुलूप त्यानं उघडलं आणि तिथे ती तीन अक्षरं नेऊन बसवली. मग तो म्हणाला, “आपा, एक ऐका. याच्यात एक अपडेटवाला बसलाय. तो आपोआप नवी यंत्रणा आणतो आणि जुनी झाडून टाकतो. झाडताना तुमची अक्षरंही जातील. म्हणून त्याला मी गोठवून ठेवलंय. त्याला कोणी उठवू नका.”

“थंडीनं गोठलेला आमच्याकडे कोणी उठत नाही बाबा,” आपा म्हणाली आणि तिनं त्याच्यापुढे बोरसोकचं ताट सरकवलं. तळलेले ते गरम तुकडे मेलिसनं एकट्यानं फस्त केले.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझी सोन्याची होती! आपाच्या निरोपात घर हे घर होतं आणि गाय गाय होती. शेजारणी यायच्या, म्हणायच्या, “बुरुलचा, तुझा टॅब शुद्ध लिहितो गं. माझ्या लेकालाही दोन ओळी लिहून दे.” माझी छाती फुगायची. आणि एका शरद ऋतूत आयझिरेकनं लिहिलं की वसंतात ती कायमची घरी येणार, कोटांचं काम इथेच सुरू करणार. आपानं तिच्या खोलीला चुना लावला.

त्याच सुमारास बिश्केकहून आतांचे धाकटे भाऊ जोल्दोश आले. माणूस प्रेमळ, पण हात स्वस्थ बसत नाहीत. मला उचलून म्हणाले, “वहिनी, अहो, हा तर मागच्या जन्मातला आहे! आणि हे बघा, अपडेटचं अ‍ॅप कधीचं बंद पडलंय. म्हणूनच हा असा रडतखडत चालतो.”

“भाऊजी, ते राहू द्या. मेलिसनं सांगितलंय...”

“मेलिसला काय कळतंय? नवं ते नवंच!”

त्यांनी गोठलेल्याला उठवलं. माझ्या पडद्यावर एक पट्टी सरकत राहिली. मला ओरडायचं होतं, पण मला तोंड कुठंय? उठलो तेव्हा चित्रं गोलमटोल झाली होती, घड्याळ मोठं झालं होतं आणि माझी तीन अक्षरं नव्हती. मला फार वाईट वाटलं. आपा कितीतरी वेळ बोटानं खांबवाला ‘उ’ शोधत बसली.

“होईल सवय,” असं म्हणून जोल्दोश बिश्केकला निघून गेले. मागोमाग बर्फ पडलं आणि कोचकोरची वाट बंद झाली.

त्या आठवड्यात आतांनी म्हातारी गाय विकली. आपानं लेकीला कळवलं, ‘उय विकलं. म्हातारं झालं होतं, हिवाळा काढला नसता. आता आम्हा दोघांच्या मागची कटकट गेली.’ मित्रांनो, आमच्या भाषेत तो, ती, ते असं काही नसतं, सगळ्यांना एकच शब्द. बाकीच्या शब्दांतलीही खास अक्षरं उडालेली पाहून आयझिरेकनं ओळखलं की आईच्या टॅबचं बिनसलंय, आणि तिनं ‘उय’चा अर्थ लावला घर.

तिचं उत्तर आलं, ‘मला विचारलंही नाही? मी कुणासाठी शिवत होते? आता मी इथेच राहते, तसं मालकिणीला सांगते.’

ताबिल्दी-आता चक्रावले. “गाईसाठी एवढा राग? दूध काढायला सांगितलं की पोट दुखायचं हिचं!”

आपानं लिहिलं, ‘अगं, सगळीकडून गळत होतं, धड उभंही राहत नव्हतं. विचारायचं काय त्यात?’

‘आणि माझी खोली?’ लेकीनं विचारलं.

आपा ते शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग तिच्या हातातली वाटी खाली पडली. “अहो, पोरीला वाटलंय आपण घर विकलं! ती येणार नाही आता!”

“मग लिही की, दूध देणारी विकली म्हणून!”

दूध या शब्दात तोच खांबवाला ‘उ’. शिंगांतही तोच. हंबरण्याचं अक्षरही गेलेलं. ताबिल्दी-आता तर खोलीत उभे राहून मोठमोठ्यानं हंबरले, पण ते मला पाठवता येईना. आपाच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काचेवर पडलं आणि भलतीच अक्षरं उमटली. ती पुसता पुसता ती थबकली. शेपटी! शेपटीच्या शब्दात एकही हरवलेलं अक्षर नव्हतं. आणि दाराच्याही!

तिनं लिहिलं, ‘शेपटीवालं विकलं. दारवालं आहे. ये.’

ताबिल्दी-आता खिडकीशी जाऊन बसले, आपा माझ्याशी. मग एक हसरा चेहरा आला, एक रडका आला आणि खाली शब्द आले, ‘दार लावू नका. येते.’

वसंतात ती आली. आत न येता तिनं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. “अगं, वारा येतोय, ये ना आत!” आपा ओरडली आणि मग दोघी उंबऱ्यावरच गळ्यात पडून रडल्या. वाट मोकळी होताच आयझिरेकनंच मला मेलिसकडे नेलं. माझी अक्षरं परत आली आणि अपडेटवाला पुन्हा गोठला. परसात नवी कालवड आहे. ताबिल्दी-आता अजून लेकीला चिडवतात, “खरं सांग, कुठल्या उयसाठी आलीस?”

मित्रांनो, नवं होणं वाईट नाही. तुमच्या टॅबला ते हवंच असेल. पण दुसऱ्याची जुनी वस्तू हातात घ्याल, तेव्हा तिच्यात कुणी काय जपून ठेवलंय, ते आधी विचारा. आणि उत्तर येईपर्यंत बोट जरा उचलून धरा.