मूळचे ब्रेक

कॅप्टन कधी बोटीवर गेले नव्हते, सैन्यात तर नाहीच. नोकरीभर त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढले. पण सुट्टीच्या सकाळी लाल रंगाची, दोन माणसांची बुटकी स्पोर्ट्‌स कार घेऊन ते निघाले, की डोक्यावर चामड्याची टोपी असायची. ती टोपी बघून गल्लीनं त्यांना हे नाव देऊन टाकलं. त्यांच्या बायकोला मात्र सगळे नुसतं वहिनी म्हणत. टोपी नसलेल्या माणसाला हुद्दा कोण देतो?

गाडी त्यांनी तरुणपणी भंगाराच्या भावात घेतली होती, आणि मग तिला मूळ रूपात आणण्यात निम्मी हयात घालवली. मूळ म्हणजे मूळ. आरशाचा स्क्रूसुद्धा त्याच वर्षीचा हवा. रेडिओ नाही, कारण कारखान्यातून निघताना नव्हता. वहिनींनी एकदा पाठ दुखते म्हणून सीटवर घालायला गादी शिवली, तर कॅप्टननी ती अलगद उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवली. वहिनींना रागही यायचा आणि हसूही. ‘सवत आहे, पण माझ्याहून म्हातारी आहे, चालायचंच,’ असं त्या शेजारणींना सांगायच्या.

बुटक्या गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला चालवणाऱ्याचे पाय स्पष्ट दिसतात. अलीकडे वहिनींचं लक्ष रस्त्यापेक्षा तिकडेच असायचं. कॅप्टनचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून निघायचा, मधेच घुटमळायचा, आणि अंधारात पलंगाखाली चप्पल शोधावी तसा ब्रेक शोधायचा. एकदा शाळेच्या वळणावर गाडी थांबली ती पांढऱ्या पट्ट्यांच्या पार पुढे जाऊन. बाबागाडी ढकलणारी एक बाई जागच्या जागी उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. कॅप्टन म्हणाले, ब्रेक जरा जड लागतायत.

पायाबद्दल बोलायची सोय नव्हती. पाय ओढताय का, असं वहिनींनी एकदाच विचारलं होतं. त्यावर हा गृहस्थ तडक उठून बाजारापर्यंत चालत गेला, चालत आला, आणि संध्याकाळी सुजलेला घोटा चादरीखाली लपवून बसला. अशा माणसाला काय सांगणार? आणि न सांगावं, तर डोळ्यांसमोरून ती बाबागाडी हलत नव्हती. मग वहिनींनी आडवाट धरली. त्या मिस्त्रींकडे गेल्या.

मिस्त्रींच्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून ती गाडी त्यांच्याच हाताखाली होती. वहिनींनी स्पष्टच सांगितलं. ह्यांना म्हणा, हे ब्रेक आता भरवशाचे राहिले नाहीत. आणि म्हणा, या गाडीला दुसरे बसत नाहीत. मिस्त्री बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले.

“वहिनी, ब्रेक ठणठणीत आहेत.”

“मला माहितीये.”

गाडीतून उतरताना कॅप्टन अलीकडे दाराला धरतात, हे मिस्त्रींनीही पाहिलं होतं. शेवटी त्यांनी मान हलवली. वहिनींचा हिशोब सोपा होता. आरशाच्या स्क्रूसाठी जो माणूस वर्षभर थांबतो, तो ओढूनताणून बसवलेल्या परक्या ब्रेकनाही गाडीला हात लावू देणार नाही. गाडी आपोआप शेडमध्ये बसेल. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

पण खोटं बोलायलाही अंगी कसब लागतं, आणि मिस्त्रींकडे ते अर्धंच होतं. ब्रेक गेलेत, हे त्यांनी वहिनींच्या देखत, खाली बघून कसंबसं सांगितलं. मग कॅप्टननी विचारलं, पुढच्या चाकांना मोठे डिस्क ब्रेक बसतील का? आता, ‘होणार नाही’ हे शब्द मिस्त्रींच्या तोंडून आजवर कोणत्याही गिऱ्हाइकानं ऐकले नव्हते. सगळं नाव त्यावरच उभं होतं. त्यांनी चाकाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, पुन्हा चाकाकडे पाहिलं.

“बसतील की. मागचे ड्रम ब्रेक काढून तिथंही डिस्क टाकता येईल. पेडलसुद्धा हलकं होईल.”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण मग मूळपण राहणार नाही हां, असं घाईघाईनं जोडलं. वहिनींनी त्यांच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं.

त्यानंतर कॅप्टनना काही सुचेना. जुन्या गाड्यांच्या मंडळातल्या दोस्तानं फोनवर ठणकावलं, मूळ ब्रेक काढलेस तर गाडी संपली, उरलं नुसतं लोखंड. कॅप्टनचं जेवणावरून मन उडालं. दुपारी ते शेडमध्ये जाऊन बंद गाडीत बसून राहायचे. वहिनी खिडकीतून बघायच्या. जीव तुटायचा, पण आतून हायसंही वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्याची त्यांना लाज वाटायची.

एका सकाळी चहा पिता पिता कॅप्टन म्हणाले, “बसवून घेतो नवे.”

वहिनींनी कप खाली ठेवला.

“मूळपण गेलं तर गेलं. मी एकटा असतो तर याच ब्रेकवर चालवली असती. पण शेजारी तू बसतेस.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. सगळं ओठांवर आलंही होतं. पण इतक्या वर्षांनी, त्या लाल सवतीसमोर, आपलं पारडं जड निघालं होतं. वहिनींना इतका आनंद झाला की त्या आनंदानंच त्यांचं तोंड बंद केलं. त्यांनी कॅप्टनना आणखी चहा ओतला.

मिस्त्रींनी पडेल चेहऱ्यानं काम केलं, पण चोख केलं. सगळं जागच्या जागी बसलं. कॅप्टन पहिल्या दिवशी गाडी घेऊन निघाले ते अगदी विशीतले होऊन. पेडल लोण्यासारखं चालत होतं. रिकाम्या रस्त्यावर त्यांनी वेग वाढवला, मुद्दाम ब्रेक दाबून दाखवला, हसले. वहिनी खाली बघत होत्या. पाय तोच होता.

बाजाराकडे वळताना एक म्हातारा काठी टेकत रस्ता ओलांडत होता. वहिनींना तो दिसला, कॅप्टननाही दिसला. पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला, घुटमळला, घुटमळला, आणि मग पडला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. पट्टा वहिनींच्या छातीत रुतला. म्हाताऱ्याचा तळवा बॉनेटवर टेकलेला होता. त्यानं तो उचलला, स्वतःच्या शर्टाला पुसला आणि पुढे गेला.

कॅप्टनचा चेहरा फुलला होता. “पाहिलंस? जुने असते तर गेला होता बिचारा.”

“जुने चांगले होते,” वहिनी म्हणाल्या. “मीच मिस्त्रींना खोटं बोलायला लावलं. तुम्ही गाडी काढू नये म्हणून. अहो, तुमचा पाय उशिरा पडतो. आत्ताही उशिराच पडला.”

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

“मिस्त्रीला माहीत होतं?” कॅप्टननी समोर बघतच विचारलं.

“हो.”

त्यांनी गाडी अगदी सावकाश कडेला लावली, किल्ली तशीच ठेवली आणि ते उतरले. घरापर्यंत चालत गेले. आता पाय लपवायचं कारण उरलं नव्हतं, तो उघड फरफटत होता. वहिनी चार पावलं मागून चालत राहिल्या. गाडी दुपारी मिस्त्रींनी आणून शेडमध्ये लावली. जुने ब्रेक जपून ठेवलेत, म्हणाल तर पुन्हा बसवतो, असं ते दारातूनच म्हणाले. कॅप्टन बाहेर आले नाहीत. नको, एवढाच निरोप आला.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. कॅप्टन भांडले नाहीत. ते फक्त खात्री करून घेऊ लागले. दूध ताजं आहे म्हटलं, की वास घ्यायचे. लेक रविवारी येतेय म्हटलं, की लेकीला फोन करून विचारायचे. पूर्वी वहिनी म्हणतील ती पूर्व दिशा असायची. आता त्या बाहेर ऊन आहे म्हणाल्या तरी ते पडदा सारून बघायचे. वहिनींनी त्यांचा जीव वाचवला होता, कुणास ठाऊक आणखी कुणाकुणाचा. पण त्यापायी घरातला आपला शब्द गेला, हे त्यांना रोज उठून दिसत होतं, आणि कुणाकडे तक्रार करायची सोय नव्हती.

पुढे पाय जास्तच लुळा पडला, तेव्हा डॉक्टरांकडे जावंच लागलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी फक्त वहिनींना आत बोलावलं. हा पाय परत येणार नाही, म्हणाले. दुखणं नसांचं आहे. हळूहळू दुसरा पायही जाईल.

कॅप्टन बाहेर बाकावर बसले होते, वाकून बुटाची नाडी बांधत होते. दारातून बाकापर्यंत येताना वहिनींच्या जिभेवर वाक्य तयार होतं. थोडी विश्रांती घ्या म्हणाले, अशक्तपणा आहे. तेवढ्यानं आजची रात्र तरी निभली असती.

“काय म्हणाले?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

वहिनी शेजारी बसल्या आणि त्यांनी होतं ते सगळं सांगितलं.

“दुसराही?”

“हो.”

कॅप्टन भिंतीला धरून उठले. डॉक्टरांच्या दारावर टकटक करून आत गेले. वहिनी बसून राहिल्या. आपण सांगितलं ते खरं निघावं असं कोणत्या बाईला वाटलं असतं? आणि खोटं निघालं असतं, तर घरी जायचं तोंड उरलं नसतं.

ते बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

“तेच म्हणाले,” ते म्हणाले. “तू सांगितलंस तेच.”

मग त्यांनी वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकला. दोघं जिन्याकडे निघाले. पहिल्या पायरीशी ते थांबले.

“जड होतोय का गं मी?”

वहिनींचा खांदा ठणकत होता.

“होताय,” त्या म्हणाल्या. “चला.”