योगनिद्रेची पट्टी

विश्वासरावांच्या आयुष्यातल्या शेवटच्या शनिवारी घरात विशेष काही घडलं नाही. सकाळी उपम्यात मीठ कमी पडल्याची तक्रार झाली, दुपारी शेजारच्या नागराजअण्णांशी कॅरमवरून भांडण झालं, आणि संध्याकाळी ते सुनंदाबाईंना म्हणाले, "तुझ्या स्वामींना मानलं बुवा. पाठ आहे की नाही, तेच कळत नाहीये."

पाठीचं दुखणं जुनं. मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी जोरदार वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या, पण त्यांनी भागत नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी ते वेदनाहरणस्वामींच्या शिबिराला जाऊन आले. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्यांच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर होतं. दाराबाहेर चपलांचा डोंगर, आत पाय ठेवायला जागा नाही. मानेला पट्टे बांधलेली आयटीतली तरुण मंडळी, काठी टेकत आलेले पेन्शनर, कमरेवर हात ठेवून उभ्या बायका. स्वामी मराठी, कन्नड आणि हिंदी सारख्याच गोडव्याने बोलत. मूळचे कुठले, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

"गोळी पोटात जाते, पोट बिघडवते," ते सांगत. "ही पट्टी थेट प्राणाशी बोलते. केमिकल काही नाही, बाळांनो, नुसतं स्पंदन." मग कुंकवाने माखलेल्या कापडाची चौकोनी पट्टी दुखऱ्या जागी चिकटायची. उद्यापर्यंत दुखणं पळेल अशी हमी असायची. आणि ते खरोखरच पळायचं. हीच तर पंचाईत होती.

पट्टीबद्दल डॉक्टरांना सांगायचं नाही, अशी स्वामींची आज्ञा होती. डॉक्टरांच्या शंकेने म्हणे शक्ती उतरते. सोबत गोळ्या चालू ठेवाव्यात का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

त्या रात्री सुनंदाबाईंनी नेहमीप्रमाणे गरम पाण्याची पिशवी नवऱ्याच्या पाठीला लावली. दुखणं पळालं तरी शेक रोजचाच, त्यात विचार कसला करायचा? थोड्या वेळाने विश्वासराव घोरू लागले. जड, खरखरीत, मध्येच अडकणारं घोरणं. सुनंदाबाईंनी मुलीला, सुखदाला, दारातूनच खूण केली. कित्येक दिवसांनी अशी गाढ झोप लागली होती. दोघींनी दिवा मालवला.

सकाळी ते उठले नाहीत.

वय झालेलं, हृदय बंद पडलं असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिसऱ्या दिवशी स्वामी स्वतः घरी आले. म्हणाले, विश्वासराव योगनिद्रेतून समाधीत गेले, असं मरण योग्यांनाच येतं. सुनंदाबाईंना त्या वाक्याचा मोठा आधार झाला. दुसरं काही हाताशी नव्हतंच.

सुखदाच्या हाताशी मात्र एक गोष्ट होती. बाबांना शेवटची आंघोळ घालताना पट्टी सुटून तिच्या हातात आली होती. लाल कापडाच्या खाली पारदर्शक पापुद्रा होता आणि त्यावर बारीक अक्षरात औषधाचं नाव छापलेलं होतं. फेंटानिल. तिची मैत्रीण मैत्रेयी भूलतज्ज्ञ होती. तिने पट्टी उजेडात धरून नाव पुन्हा एकदा वाचलं. मग तिने सांगितलं, की हे अफूच्या जातीचं औषध आहे, कॅन्सरच्या असह्य दुखण्यात डॉक्टर जपून देतात. ते कातडीतून हळूहळू झिरपतं. वरून उष्णता मिळाली की भसाभस आत शिरतं. त्यात बाबांच्या गोळ्याही त्याच जातीच्या. मेंदू श्वास घ्यायचाच विसरतो.

"आणि ते घोरणं?" सुखदाने विचारलं.

"अर्धवट बंद पडलेला श्वास."

अशा वेळी काय करायचं, हेही मैत्रेयीने तिला शिकवलं. सुखदा शिकली. घरी आल्यावर तिने ती रबरी पिशवी माळ्यावर टाकली आणि आईला सांगितलं, गळायला लागली होती. पोलिसांकडे जायचं तर आईला शेकाचं सांगावं लागणार होतं. रोज सकाळी ती ठरवायची आणि रोज आईने फोटोला घातलेला हार बघून गप्प बसायची.

काही महिन्यांनी स्वामी पुन्हा आले. या वेळी गर्दी जास्त होती, कारण आता सांगायला समाधीची गोष्ट होती. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आई एकटी नको म्हणून सुखदाही. समोरच्या खुर्चीत, कालच पट्टी लावलेल्या माणसाचा नमुना म्हणून, नागराजअण्णांना बसवलं होतं. पाठीला विजेवर तापणारा पट्टा बांधलेला. स्वामी विश्वासरावांच्या भाग्याचं वर्णन करत असतानाच अण्णांची मान कलली आणि ते घोरू लागले.

"पाहा," स्वामी हलकेच म्हणाले. "योगनिद्रा. कुणी स्पर्श करू नका."

लोकांनी हात जोडले.

सुखदाला ते घोरणं ओळखीचं होतं. ती उठली. अण्णांना हाका मारल्या, हलवलं, छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरं जोरात घासली. काही नाही. ओठ निळसर पडलेले, पापण्या उघडून पाहिल्या तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आता घोरणंही थांबत चाललं होतं.

"ताई, समाधी मोडल्याचं पाप लागेल," स्वामी म्हणाले.

"लागू दे," सुखदा म्हणाली. तिने रुग्णवाहिका बोलवायला सांगितली, आणि वेदनाशामक जास्त झाल्याने श्वास बंद पडतोय, हे स्पष्ट सांगायला बजावलं. अण्णांना जमिनीवर आडवं करून तापलेला पट्टा सोडला. हाताला रुमाल गुंडाळून पट्टी ओढून काढली, पाठ पाण्याने पुसली. मग उताणं करून डोकं मागे झुकवलं, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाने त्यांच्या छातीत हवा भरू लागली. थोडं थांबायचं, पुन्हा भरायची. ती दमली, पण थांबली नाही. ओठांचा रंग हळूहळू परत आला.

रुग्णवाहिकेतल्या माणसाने नॅलोक्सोनचं, म्हणजे अफूच्या औषधांवरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन दिलं. अण्णांनी डोळे उघडले, भोवतालचा घोळका पाहिला आणि चिडून विचारलं, "कॉफी आली का?"

एक बाई सुखदाच्या पायाशी वाकल्या. "अक्का, तुमच्या हातात शक्ती आहे."

सुखदा मागे सरली. "शक्ती नाही. श्वास. तुम्हालाही जमेल, शिकलात तर." आणि अण्णा बरे झालेत असंही समजू नका, तिने सांगितलं. इंजेक्शनचा असर औषधाच्या आधी उतरतो, त्यांना दवाखान्यात लक्ष ठेवूनच राहावं लागेल. मग तिने रुमालातल्या पट्टीचं लाल कापड सोलून पुढे धरलं. एका तरुणाने छापलेलं नाव मोठ्याने वाचलं. स्वामी मागच्या दाराकडे निघाले होते. दोघेजण त्या दारात जाऊन उभे राहिले. कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

सुनंदाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. "सुखदा," त्या म्हणाल्या, "हेही असेच घोरत होते."

सुखदा आईसमोर जमिनीवर बसली. आवाज मात्र तिने शेवटच्या रांगेपर्यंत जाईल एवढा ठेवला.

"डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांबरोबर दुसरं काही घ्यायचं असेल तर आधी त्यांना विचारा. जो विचारू नका म्हणतो, त्याच्यासमोरून उठून या. आणि असा कुणी घोरत असेल, उठवून उठत नसेल, तर हात जोडू नका, हलवा, मदत बोलवा." मग तिने आईचे दोन्ही हात धरले. "आई, तू शेकलंस ते त्यांचं दुखणं परत येऊ नये म्हणून. लाल कापडाखाली काय आहे, हे तुला या स्वामीने सांगितलं नाही. मला कळलं, आणि मीही सांगितलं नाही. बाबा समाधीत गेले नाहीत. त्यांचा श्वास बंद पडत होता आणि आपण दिवा मालवला. आपल्याला माहीत असतं, तर ते वाचले असते."