पालुपीचे गाल

"पोरगी भरलीय हं तुझी!" शेजारीण यात्मी कुंपणावरून म्हणाली आणि सुमिन्तेनला भलतीच शंका आली. जावातल्या या क्लातेन गावात कुणी भेटलं की आधी जाड झालीस की बारीक, तेच बोलायचं. त्यात वावगं काही नाही. पण पालुपीचे नुसते गालच भरले होते, कानाखालून फुगल्यासारखे. हातांच्या मात्र काड्या. वर जेवून उठली की न्हाणीघराची कडी, आतून ओकाऱ्या, आणि बाहेर आली की म्हणे, "काही नाही गं आई, जरा गरगरलं." तिशीला टेकलेली बिनलग्नाची पोर, आणि ओकाऱ्या! आता आणखी काय सांगायला हवं?

सुमिन्तेननं पाळत ठेवली. कपाट उपसलं, पिशवी झाडली, फोनही चाचपला. पुरुषाचं नाव कुठे सापडेना. मेली हुशार होती! टोपलीभर तळलेलं तेम्पे, सोयाबीनच्या वड्या, भरदुपारी गायब झालं, तेव्हा डोहाळेही लागले असं तिनं धरूनच टाकलं.

बुधवारी पालुपी 'कापड आणते' म्हणून निघाली आणि बाजार सोडून भलतीकडेच वळली. सुमिन्तेननं भाड्याची मोटरसायकल थांबवली. "त्या निळ्या स्कार्फच्या मागे चल. आणि हॉर्न वाजवलास तर बघ!"

पोरगी दवाखान्यात शिरली. सापडली! एकतर तो नालायक आत असणार, नाहीतर ही पोट पाडायला आलेली. सुमिन्तेन दार ढकलून थेट आत घुसली.

"कुठाय तो?"

"कोण तो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. पालुपी खाटेवर बसली होती.

"हिच्या पोटातल्याचा बाप!"

पालुपी हसायला लागली आणि हसता हसताच रडली. तिचे पुढचे दात झिजून पातळ झाले होते. एरवी ती तोंडावर हात धरूनच हसायची.

"पोटात मी काही राहूच देत नाही, आई. शाळेपासून. बकाबका खाते आणि ओकून टाकते."

"आजार आहे हा," डॉक्टर म्हणाल्या. "गाल भरले नाहीत, ओकून ओकून लाळेच्या ग्रंथी सुजल्यात. रक्तातलं पोटॅशियम इतकं उतरलंय की हृदयाचे ठोके चुकतायत. आजच दाखल करायला हवं, नाहीतर ते थांबूही शकतं. उपचार आहेत. वेळ लागेल, पण बरी होईल."

"करा. आत्ताच्या आत्ता करा!" सुमिन्तेन ओरडली.

डॉक्टरांनी तपासायला पालुपीचा सदरा वर केला. पाठभर लाल पट्टे उठले होते.

"ते मी केलं," सुमिन्तेन पुटपुटली. अंगात वारं शिरलं की तेल लावून नाण्यानं पाठ खरडायची, हे तिला आईनं शिकवलेलं. "गरगरतं म्हणायची, पायात गोळे यायचे. मला वाटलं, वारंच असेल. आणि काल खरडता खरडता..."

"काल तू खरडत होतीस तेव्हाही ठोके चुकत होते, आई," पालुपी म्हणाली. "मला वाटलं, आता ते तुझ्या हाताला जाणवतील. आता तू विचारशील."

"मी तुझं पोट वाढलंय का बघत होते गं," सुमिन्तेन म्हणाली. पोरीच्या पाठीवर हात ठेवायचा तिला धीर होईना.