पांढऱ्या मक्यातले पिवळे दाणे

वहिनीने आणखी एक कणीस सोललं आणि कपाळाला हात लावला. यातही पिवळे दाणे!

नवऱ्याच्या मागे तिने एकच गोष्ट हट्टाने सांभाळली होती, सासूचा पांढरा मका. बांधापलीकडे धाकट्या दिराचं शेत. तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी पिवळा लावी. मक्याचं लग्न जुळवतो वारा, आणि वाऱ्याला कुठला आलाय बांध? दोन्हीकडे एकाच वेळी तुरे आले की पिवळ्याचे पराग पांढऱ्या कणसांच्या केसांवर येऊन बसत आणि त्याच कणसांत पिवळे दाणे भरत. दर वर्षी ते वेचून वेचून बाई मेटाकुटीला आली होती.

म्हणून यंदा तिने दिराला गळ घातली, "भावजी, मी नेहमीच्या वेळी पेरते. तुम्ही तीन आठवडे मागून पेरा." तो कुरकुरला, पण थांबला. अन् नेमका तिलाच ताप भरला, तो तीन आठवडे हटला नाही. ती उठून पेरायला गेली तेव्हा शेजारी त्याचीही पेरणी चालली होती. एवढी गळ घालून आता आणखी थांबा म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? तिनेही तेव्हाच पेरलं.

संध्याकाळी दीर आला. उशिरा पेरल्याने त्याची कणसं बारीक राहिली होती. सोललेल्या कणसांच्या टोपलीकडे बघत तो म्हणाला, "मी शब्द पाळला हो, वहिनी."

तिला रडूच कोसळलं. "चूक माझी. मीच उशिरा पेरलं."

"ठाऊक आहे. बांधावरून काय दिसत नाही? माझं पेरणं चाललेलं, तुम्ही काठी टेकत पेरायला आलात. भांडायचं कुणाशी?"

तो खेकसला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिने टोपली त्याच्यापुढे सरकवली.

"माझ्याच्याने आता होत नाही, भावजी. पांढरे दाणे तेवढे काढा आणि पुढच्या वर्षी दोन्ही शेतांत तेच तुम्ही लावा. नाहीतर घाला कोंबड्यांना. मी काही बोलणार नाही."

"म्हणजे पिवळा सोडून द्यायचा?"

"शेजारी पिवळा ठेवून पांढरा कसा टिकेल?"

पुटपुटत त्याने एक कणीस उचललं आणि अंगठ्याने दाणे सोडवायला लागला. एक दाणा त्याने तिच्यापुढे धरला.

"वहिनी, हा पांढराच ना?"

तिने तो दाराच्या उजेडात नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. थकलेल्या डोळ्यांना काही म्हणता काही कळेना.

"पांढराच," ती म्हणाली.