उन्हाळी कट

माझ्या वडिलांनी पन्नास वर्षं लोकांचे केस कापले, आणि या उन्हाळ्यात टोमॅटोच्या झाडांचेही कापले. आता मी हे हसत सांगते, पण त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

झाडं आईच्या बियांची होती. दर वर्षी सगळ्यात चांगल्या फळाचं बी ती राखून ठेवायची, कागदाची पुडी बांधायची आणि पुडीवर एक ओळ लिहायची. ‘गोड. साल पातळ.’ ‘चवीला छान, पण आळशी.’ एका वर्षी नुसतंच ‘शेजाऱ्यांना फार वाटले.’ आई जाऊन तीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं आम्हां बापलेकींना काही पेरायचं सुचलंच नाही. या वर्षी डबा उघडला, तर एक पुडी सोडून बाकी सगळ्यांना कीड लागलेली. त्या एका पुडीतलं सगळं बी मी गच्चीवरच्या कुंड्यांत पेरलं. चार रोपं आली. त्यांना फळ धरलं तर आईचा टोमॅटो पुढे चालणार, नाहीतर इथेच संपणार. बाजारात टोमॅटोचे ढीग लागलेले असतात, हे मलाही कळतं. त्यांतला एकही तिचा नसतो.

आणि उन्हाळा तर असा, की सकाळी दहा वाजता गच्चीच्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. मी उजाडायच्या आत पाणी घालायचे. मी कपडे शिवते, त्यामुळे घरात चिंध्यांना तोटा नाही. त्या कुंड्यांत पसरल्या की ओल टिकायची. बाबा जिन्याच्या दारातून बघायचे. झाडांना हात लावायचे नाहीत.

त्यांचे हात थरथरतात. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला त्यांची कात्री लागली. गिऱ्हाईक हसून म्हणालं, ‘अहो, दुसरा कान आहे की!’ पण बाबांनी त्याच संध्याकाळी सलूनचं शटर ओढलं ते कायमचं. तेव्हापासून हात खिशात. चहा अर्धा कप. सही करायची वेळ आली तर अंगठा, आणि बाकी लिहिणं माझ्याकडे.

त्या दिवशी मी शाळेचे गणवेश पोचवायला गेले होते. भर दुपारी परत आले, तर बाबा घरात नाहीत. गच्चीवर गेले, तर डोक्याला ओला टॉवेल बांधून कुंड्यांपुढे बसलेले, हातात जुनी कात्री. तीन झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. चौथं अर्धं झालं होतं.

“बिचारी माना टाकून उभी होती गं,” बाबा म्हणाले. “म्हटलं, डोकं हलकं करावं. उन्हाळ्यात मी सगळ्यांना बारीकच कट मारायचो.”

जित्याची खोड म्हणतात ती अशी! दुपारी झाडं मान टाकतात आणि संध्याकाळी आपली आपण उठतात, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. पण एवढा विचार करायला डोकं थाऱ्यावर कुठे होतं?

“बाबा, ती पानं त्यांची छत्री होती!” मी ओरडले. “ज्या हातांना चहाचा कप धरवत नाही, त्या हातांत कात्री घ्यायला सांगितलं कुणी तुम्हाला?”

त्यांनी कात्री मिटली, टॉवेलात गुंडाळली आणि ते खाली गेले.

तीन दिवसांत तीन काड्या करपल्या. अर्ध्या कटाचं चौथं झाड पाण्याच्या टाकीच्या आडोशाला होतं, ते तेवढं तग धरून राहिलं. घरात अबोला नव्हता, पण बोलणं ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’च्या पुढे जात नव्हतं. तोंडून गेलेला शब्द परत येत नाही, हे शहाण्यासारखं दुसऱ्यांना सांगणारी मीच.

चौथ्या सकाळी माझ्या शिलाई मशीनवर पांढऱ्या कापडांची चळत दिसली. केस कापताना बाबा गिऱ्हाइकांच्या गळ्याभोवती बांधायचे, ती कापडं. धुतलेली, घडी घातलेली. सलून बंद झाल्यापासून ती ट्रंकेत होती, आणि मी एकदा त्यातलं एक पुसायला मागितलं तेव्हा बाबा दिवसभर फुगून बसले होते. मी चार कापडं जोडून मांडव शिवला आणि झाडावर बांधला. पाचवं खाली अंथरलं. आता झाड खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकासारखं दिसत होतं. हे बाबांना सांगावंसं वाटलं, पण जीभ रेटली नाही.

मांडवाखाली झाडाला पानं फुटली. मग पिवळी फुलं आली, आणि गळू लागली. रोज सकाळी खालच्या पांढऱ्या कापडावर दोन-तीन पडलेली असायची.

मी रोपवाटिकेतल्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “एवढ्या उन्हात मधमाश्या कुठून येणार? फुलाला कुणीतरी हलवायला हवं, म्हणजे आतले परागकण सुटतात. पहाटे, गारव्यात. झटका नाही द्यायचा. बारीक, सतत थरथर हवी.”

मी बोटाने हलवून बघितलं. मशीन साफ करायच्या ब्रशने बघितलं. दोन देठ मोडून ठेवले. वीस वर्षं सरळ शिवण मारून माझा हात दगडासारखा स्थिर झालाय, आणि इथे तीच पंचाईत.

‘बारीक, सतत थरथर,’ असं मनाशी घोकत मी बाबांना चहा दिला. त्यांनी कप घेतला. चहावर बारीक लाटा उठत होत्या, थांबतच नव्हत्या. मी तिथेच उभी राहिले.

“बाबा, उद्या पहाटे गच्चीवर या.”

“नको. मी हात लावला की मरतं.”

“या म्हटलं ना!”

“लवंगी, कशाला छळतेस?” या नावाने त्यांनी कितीतरी दिवसांनी हाक मारली. लहानपणापासून मी त्यांची लवंगी मिरची.

“त्या दिवशी मी फार वाईट बोलले,” मी म्हणाले. “तेव्हापासून मलाच टोचतंय. पण उद्या काम आहे, बाबा. मला तुमचा हात हवाय. आहे तसाच हवाय.”

पहाटे ते आले, पण हात खिशातच. मीच त्यांचा उजवा हात बाहेर काढला आणि दोन बोटं फुलांच्या देठाला लावली. त्यांनी श्वास रोखून धरला. सगळा जीव एकवटून हात स्थिर ठेवायचा प्रयत्न चालला होता, कपाळावर घाम आला.

“स्थिर नका ठेवू.”

“म्हणजे?”

“सोडा. थरथरू दे त्याला.”

त्यांनी सोडला. देठ थरथरला, फूल थरथरलं, आणि खालच्या पांढऱ्या कापडावर पिवळी धूळ उतरली. इतकी बारीक, की बाबांना वाकून बघावं लागलं.

“हे... माझ्या हाताने?”

“तुमच्याच. माझ्याने नाही झालं.”

मला रडू आलं. मी लपवलं नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग पुढच्या फुलाकडे वळले आणि सवयीने म्हणाले, “मान जरा इकडे करा.”

मग रोज पहाट त्यांची. मी खाली पाणी भरत असले की वरून फुलांशी चाललेल्या गप्पा ऐकू यायच्या. पहिली फुलं तरीही गळली. मग दोन-चार दिवस ऊन जरा उतरलं, आणि एक फूल वाळूनही देठाला धरून राहिलं. त्याच्या बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका होता. बाबांनी मला तो सात वेळा दाखवला.

एकूण तीन टोमॅटो धरले. दोन उन्हाने भाजले. तिसरा पिकला. आम्ही मीठ लावून अर्धा-अर्धा खाल्ला. साल पातळ होती. बी धुऊन कागदावर वाळवलं, मी पुडी बांधली आणि पेन घेतलं.

“दे इकडे,” बाबा म्हणाले. “मी लिहितो.”

बराच वेळ लागला. अक्षरं चढली, उतरली, एकमेकांवर आदळली. मी मध्ये बोलले नाही, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं. लिहून झाल्यावर त्यांनी पुडी माझ्यापुढे सरकवली.

‘उन्हाळ्यात केस कापू नयेत.’

मी ती डब्यात, आईच्या रिकाम्या पुडीशेजारी ठेवली.