मंगरूच्या नावाची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नाही, वेबपेजवरची. माझ्या पोटात एकच नाव आहे: मंगरू. दिघोरीच्या तलावात जाळं टाकायच्या पाळ्यांची ही यादी. उन्हाळ्यात तलाव आटत जातो. पहिल्यांना मासळी मिळते, शेवटच्यांना चिखल. मी तिसरी होते.

मला गावातल्या दामिनीने घडवलं. कॉलेजात जावास्क्रिप्ट शिकली होती ती. बोट टेकलं की ओळ उचलायची, बोटामागे न्यायची, बोट सुटलं की तिथेच कायम करायची, असं तिने लिहिलं. कुणी आजारी पडलं की मच्छीमार संस्थेचे सचिव तेजराम मोबाईलवरच पाळी बदलत.

"फळा पुसाची कटकट गेली!" ते म्हणत.

दोन उन्हाळे कौतुक झालं. मग दामिनी पुण्याला नोकरीवर गेली. यादी कुणाच्याही बोटाने हलते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

एका सकाळी मंगरूने मोबाईल उघडला. अक्षरांवर बोट ठेवल्याशिवाय त्याला वाचता येत नाही.

"काय पाहून राहिले जी?" त्याची बायको सखाबाई म्हणाली.

"आपल्या मांगं कोण कोण हाय, ते वाचून राहिलो."

बोट माझ्यावर टेकलं. खाली निघालं.

चौथी.

सातवी.

बारावी.

थांब, मंगरू...

एकविसावी. शेवटची.

बोट उचललं गेलं. मी तिथेच राहिले.

पाळीच्या दिवशी तो तलावावर आला, तर पाण्यात लिलाधर उभा. यादीत मंगरूच्या मागचा, चौथा; आता तिसरा झालेला. त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. एकमेकांच्या पाळीला दोघं मिळून जाळं ओढत.

"तू तं शेवटी हायेस, मंगरूभाऊ," तेजराम म्हणाले.

"मी तिसरा होतो!"

"मोबाईल का खोटं बोलते?"

मंगरू लिलाधरकडे वळला. "तूच सरकवलं न मले? खाय मासळी. पन माह्या जाळ्याले हात नोको लावू."

"मले तं मोबाईल धरता बी येत नाही, बाबू!"

मंगरूने ऐकलं नाही. मला सगळं ठाऊक होतं. मला तोंड नव्हतं.

त्याची पाळी आली तेव्हा गुडघाभर चिखल होता. जाळ्याचं दुसरं टोक सखाबाईने धरलं.

मित्रांनो, ओळी हलत्या करा, पण हलण्याआधी "हलू का?" एवढं विचारायला त्यांना शिकवा. कुणी हलवलं, तेही लिहून ठेवा. मला कुणी शिकवलं नाही.

यंदा नवी यादी लागली. मंगरूने एकच मागणं केलं: "लिलाधरचं नाव माह्या नावाजवळ नोको." तेजरामांनी शेजारची लिलाधरची ओळ धरली आणि ओढत दूर नेली.